उसाच्या डाव्या कडेनं

जयपुरात बनीपार्कातल्या त्या कोठीत, म्हणजे बंगल्यात, आम्ही सात वर्षं राहिलो. पुढचा मोठा भाग घरमालकांचा, मागच्या तीन खोल्या आणि छोटं अंगण आमचं. बाबा पायदळात मेजर होते. ब्रह्मदेशातल्या लढाईत त्यांचा डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून त्यांच्या वाट्याला पलटण आली नाही, कचेरीतली कामंच येत गेली. जयपूरच्या छावणीत बदली झाली तेव्हा सरकारी क्वार्टर रिकामं नव्हतं, म्हणून महिन्या-दोन महिन्यांसाठी ही जागा घेतली होती. पुढे क्वार्टर मिळत असूनही बाबा हलायला तयार होईनात. आई म्हणायची, "तुमचा जीव त्या वाळूत अडकलाय." ते खरंच होतं.

घरमालकांना सगळे ठाकूरसाहेब म्हणत. ते आधी संस्थानच्या घोडदळात होते. घोडे जाऊन रणगाडे आले तेव्हा तेही रणगाड्यांत गेले, आणि संस्थान विलीन झाल्यावर मेजर म्हणूनच घरी बसले. उंच, जरासे पोक काढून चालणारे, आवाज मात्र मैदानावरचा. एक मेजर पायदळाचा आणि एक रणगाड्यांचा, दोघं एका आवारात राहायला आल्यावर वाद व्हायचाच. उघड्या मैदानात कोण भारी, रणगाडा की खंदकात बसलेला शिपाई? तोंडानं वाद मिटेना. तेव्हा ठाकूरसाहेबांनी सुताराकडून सहा फूट लांब, चार फूट रुंद, चारी बाजूंनी फळ्या मारलेलं टेबल करून घेतलं, ते पुढच्या व्हरांड्यात मांडलं आणि उंटगाडीनं वाळू आणवली. शहराच्या दक्षिणेला आज जिथं मालवीय नगर आहे, तिथली ती वाळू. तेव्हा तिथं खेजडीच्या झाडांशिवाय काही नव्हतं.

त्या वाळूत ते दोघं दर रविवारी लढाई खेळत. रिकाम्या काड्यापेट्या म्हणजे रणगाडे, हरभरे म्हणजे शिपाई, मोठे खिळे म्हणजे तोफा. निळी लोकर पसरली की कालवा झाला, हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला भुसा टाकला की शेत झालं. नियम दोघांनी भांडून भांडून ठरवलेले. शनिवारी संध्याकाळी दोघांनी आपापला बेत कागदावर लिहायचा आणि पंचाकडे द्यायचा. पहिल्या चार चाली त्या बेताप्रमाणेच खेळायच्या, मनात आलं म्हणून बदलायच्या नाहीत. लपवलेलं सैन्य वाळूवर मांडायचं नाही, फक्त बेतात लिहायचं. ते कुठं आहे हे पंचाला माहीत असतं, आणि वेळ आली की पंच ते उघड करतो.

पंच मी होते. माझी नेमणूक झाली तेव्हा मी अकरा वर्षांची. कारण सोपं होतं. ठाकूरसाहेब इंग्रजीत लिहीत आणि बाबा मोडीत. ठाकूरसाहेबांना देवनागरी येत होती, त्यामुळे मराठीत लिहून काही लपणार नाही, असं बाबांना वाटे. शाळेत शिकलेली मोडी त्यांनी या कामासाठी उकरून काढली आणि मला शिकवली. दोघांचंही लिखाण वाचू शकणारी त्या आवारात मी एकटीच.

तोफ झाडली की मी सहा कवड्या टाकायची. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या तर नेम लागला. मग मी म्हणायचं, "गाडी गेली," आणि ती काड्यापेटी आडवी करायची. खेळ संपला की मी दोघांचे बेत मोठ्यानं वाचून दाखवायची, बाबांचा हिंदीत भाषांतर करून. हा भाग दोघांना फार आवडे. कोण कुणाला कसं फसवणार होतं हे ऐकताना दोन म्हातारे शाळेतल्या मुलांसारखे हसत.

ठाकूरसाहेब मला बाईसा म्हणत. त्यांच्या घरात मुलीला तसंच म्हणतात. त्यांना स्वतःला मुलगी नव्हती, एकच मुलगा होता. ठकुराणीसा, म्हणजे ठाकूरसाहेबांची पत्नी, पडद्यात राहत. बाबांसमोर त्या कधी आल्या नाहीत, पण व्हरांड्याला लागून असलेल्या खोलीच्या दाराला बांबूची चीक, म्हणजे काड्यांचा पडदा, लावलेली होती आणि रविवारी तिच्यामागे त्यांच्या बांगड्यांचा आवाज यायचा. खेळ त्याही ऐकत.

मुलगा माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा. मी त्याला राखी बांधायची आणि भैया म्हणायची. शाळेत हिंदी बोलणाऱ्या मुलींना माझा 'ळ' म्हणता यायचा नाही. त्या मला चिडवायच्या, मी एकदा रडतच घरी आले. तो आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी-ठेचा खात होता. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही अजून ठेचा मागायचा आणि आईला म्हणायचा, "काकीसा, हे जेवण नाही, दारूगोळा आहे." माझं रडणं ऐकून तो म्हणाला, "आमच्या बोलीतही ळ आहे. मला विचार काय हवं ते." मी म्हटलं, "केळं म्हण." तो म्हणाला, अगदी आमच्या साताऱ्याच्या माणसासारखं. मग काळं, गोळा, सकाळ, सगळं म्हणून दाखवलं. त्यानंतर शाळेत मला त्या मुलींचं काही वाटेनासं झालं.

तोही सैन्यात गेला, आणि जाणार कुठं, तर रणगाड्यांतच.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात तो आठ दिवसांच्या सुट्टीवर आला. लेफ्टनंट झाला होता, मिशी ठेवली होती, ती त्याला शोभत नव्हती हे मी सांगितलं. त्या रविवारी ठाकूरसाहेबांनी आपली खुर्ची त्याला दिली आणि तो बाबांशी खेळला. त्याचा बेत मला अजून दिसतो. अर्ध्या पानाचा, कोपऱ्यात गॉगल घातलेल्या उंटाचं चित्र. मजकूर एवढाच की पायदळाची वाट न बघता शेताच्या कडेनं सुसाट जायचं आणि शत्रू जागा व्हायच्या आत पूल घ्यायचा. बाबांच्या बेतात त्याच शेताच्या कडेला एक तोफ लपवलेली होती. मी दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसले होते. नुसता खेळ होता, तरी त्याला अडवावंसं वाटलं.

त्याची पहिली गाडी शेताजवळ आली. मी तोफ उघड केली आणि कवड्या टाकल्या. दोनच उताण्या पडल्या. नेम चुकला! गाडी निघून गेली, मागच्या दोन गाड्यांनी ती तोफ उडवली, आणि तो पुलावर पोचला. चिकेमागून बांगड्या वाजल्या. मला इतका आनंद झाला की मी पंच असल्याचं विसरून टाळ्या वाजवल्या.

"बघितलंत, काकासा?" तो बाबांना म्हणाला. "वेग असला की बाकी काही लागत नाही."

बाबा हरल्यावर नेहमी हुज्जत घालत. त्या दिवशी त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास!"

ऑगस्टात मी त्याच्या पलटणीच्या पत्त्यावर राखी पाठवली. ती पोचली की नाही ते कळलं नाही. सप्टेंबरात लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लावले होते, बाबा छावणीतून वेळीअवेळी घरी येत. तार आली तेव्हा मी शाळेतून नुकतीच येऊन दप्तर ठेवत होते. पुढच्या घरातून आवाज आला नाही. उलट, असलेले आवाजही बंद झाले. आई हात पुसत पुढे गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मग मला समजलं.

बारा दिवस गावाकडची माणसं येत होती. मी बायकांमध्ये चिकेच्या आत बसायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडे बोट करून विचारलं, ही कोण? कुणीतरी सांगितलं, किरायेदारांची मुलगी. ते खरं होतं, त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मी उठले आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. त्यानंतर मी त्या खोलीत बसले नाही. मी कोण म्हणून रडत होते हे मला कुणाला सांगता येत नव्हतं.

हिवाळ्यात त्याच्या पलटणीतला एक अधिकारी आला. पायाला जखम होती, काठी घेऊन चालत होता. वयानं भैयाएवढाच. ठाकूरसाहेबांनी त्याला व्हरांड्यात बसवलं, बाबांना बोलावलं आणि म्हणाले, "मला जमीन सांगा. बाकी काही नको. जमीन कशी होती ते सांगा."

त्या मुलानं चहा न घेता कागदावर नकाशा काढला. इकडे कालवा. हे वीटभट्टीचं धुराडं. हे गाव. कालवा आणि गाव यांच्यामध्ये उसाचं शेत, उभा, गाडीएवढा उंच ऊस. तीन रणगाडे. पहिल्यात भैया. पायदळ मागे पडलं होतं, कालव्यापाशी. तो थांबला नाही. उसाच्या डाव्या कडेनं पुढे गेला. उसात तोफ होती.

"किती अंतरावरून?" ठाकूरसाहेबांनी विचारलं.

"शंभर पावलं, सर. त्याहूनही कमी."

"म्हणजे त्याला दिसली नाही."

"नाही सर. कुणालाच दिसली नाही."

ठाकूरसाहेबांनी नकाशा घडी करून खिशात ठेवला आणि त्या मुलाला फाटकापर्यंत पोचवून आले.

पुढच्या शनिवारी मी पुढे गेले तर ते एकटे वाळूच्या टेबलाशी उभे होते. सप्टेंबरपासून त्यावर चादर टाकलेली असायची. चादर काढलेली होती. वीटभट्टी होती, गाव होतं, निळ्या लोकरीचा कालवा होता. उसासाठी त्यांनी झाडूच्या काड्या तोडून एकेक वाळूत रोवल्या होत्या. शेकडो असतील.

"बाबांना सांग," ते म्हणाले, "शत्रूची बाजू त्यांची. तोफ कुठं ठेवायची ते त्यांनी ठरवायचं. मी तीन गाड्या घेतो."

बाबा आधी नाही म्हणाले. मग पुढच्या शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी कागद घेतला, मोडीत बेत लिहिला आणि माझ्याकडे दिला. आईनं विचारलं, "हे कशाला?" बाबा म्हणाले, "त्यांना बघायचंय. एकदा बघू दे."

एकदा बघून भागलं नाही.

पहिल्या रविवारी ठाकूरसाहेबांनी जे घडलं तेच खेळलं, डाव्या कडेनं. दुसऱ्या रविवारी पायदळाची वाट बघितली. तोवर बाबांनी तोफ हलवण्याचं बेतात लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या रविवारी त्यांनी वीटभट्टीच्या बाजूनं गाड्या काढल्या. बाबांची दुसरी तोफ तिथं होती. मी कवड्या टाकल्या, दोनच उताण्या पडल्या, पहिली गाडी वाचली. मी श्वास सोडला. ठाकूरसाहेबांनी मात्र हातानं गाड्या मागे ओढल्या.

"हा धरायचा नाही. हा कवड्यांनी वाचला. मला असा बेत पाहिजे की कवड्या टाकायचीच वेळ येणार नाही."

बाबा खोटं खेळत नव्हते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जन्म फौजेत काढलेला माणूस आहे तो. मी हातचं राखून खेळलो तर त्याला पहिल्या चालीत कळेल. त्याचा अपमान होईल तो." त्यामुळे ते पूर्ण अक्कल लावून तोफ लपवत. आणि ती कुठं आहे हे मला माहीत असे. काड्यापेटी त्या काड्यांच्या शेताकडे बोटानं सरकत यायची आणि मी गप्प बसायची, कारण पंचानं गप्प बसायचं असतं.

पाचव्या रविवारी कवड्या पडल्या, चार उताण्या. मला तोंड उघडता येईना.

"बोला बाईसा," ठाकूरसाहेब हळू म्हणाले. "पंचाचं काम आहे ते."

"गाडी गेली," मी म्हणाले. पेटी आडवी करायला हात पुढे गेला नाही, ती त्यांनीच केली.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं मला बघितलं आणि मग बाबांकडे वळली. ती कधी मोठ्या आवाजात बोलत नसे, तेव्हाही बोलली नाही.

"दर रविवारी तुम्ही त्या पोराला मारताय. त्याच्या आईच्या कानावर. आणि हे तोंडानं सांगायला आपल्या पोरीला बसवलंय."

"मी नाही मारत," बाबा म्हणाले. "त्याचा बाप माझ्याकडून मारून घेतोय."

"मग घेऊ देऊ नका."

बाबा उठून बाहेर गेले.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला बेताचा कागद दिला तो घडी करून. एरवी ते उघडाच देत. मोडीत आधी पानावर आडव्या रेघा ओढतात आणि मग रेघेला लटकावल्यासारखी अक्षरं लिहितात. बाबांनी सवयीप्रमाणे आठ रेघा ओढल्या होत्या. लिहिलं होतं पहिल्या रेघेवरच. गोळी झाडायची नाही, त्याला जाऊ द्यायचं. खालच्या सात रेघा रिकाम्या होत्या.

मी कागद परत घेऊन त्यांच्याकडे गेले नाही. जावं असं वाटलं होतं.

रविवारी दुपारी आम्ही टेबलाशी बसलो. ठाकूरसाहेबांनी बेत बदलला नव्हता. त्यांच्या कागदावर इंग्रजीत पहिल्यासारखंच होतं, डाव्या कडेनं, न थांबता. का, ते मला माहीत नाही. कदाचित सगळे उपाय करून झाले होते. कदाचित मुलानं जे केलं तेच बरोबर होतं, असं त्यांना एकदा बघायचं असेल.

पहिली चाल. कालवा ओलांडला. दुसरी चाल. पेटी शेताच्या कोपऱ्याशी आली. तिसरी चाल. पेटी काड्यांना लागून चालली होती. ठाकूरसाहेब दर बोटभर अंतरावर थांबून माझ्याकडे बघत. मी कवड्यांना हात लावला नाही. बाबा समोर मान खाली घालून बसले होते. चौथ्या चालीत पेटी उसाच्या पलीकडे गेली, मागून दुसरी गेली, तिसरी गेली, आणि पहिली गावातल्या पहिल्या घराला जाऊन टेकली.

ठाकूरसाहेबांनी त्या पेटीवरचं बोट काढलं नाही.

तेवढ्यात चिकेमागून आवाज आला. इतक्या वर्षांत बाबांच्या देखत ठकुराणीसांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "पहुँच गया?"

"हाँ," ठाकूरसाहेब म्हणाले. "पहुँच गया।"

आत बांगड्या वाजल्या आणि मग हुंदका आला. त्यांचं रडणं बारा दिवसांतही कुणी ऐकलं नव्हतं.

ठाकूरसाहेब ताठ बसले. "बाईसा, बेत वाचा."

मी त्यांचा वाचला. मग बाबांचा कागद उघडला. बाबांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मी वाचायला लागले. पहिली तोफ वीटभट्टीच्या मागे, कारण शत्रू त्या बाजूनं येईल असा अंदाज आहे. दुसरी तोफ गावाच्या उजवीकडे. उसात फक्त आठ शिपाई, त्यांनी गाड्या दिसल्यास मागे येऊन कळवावं. उसाच्या पाठीमागे एक तुकडी राखून ठेवावी. डाव्या कडेनं कुणी येण्याची शक्यता कमी, म्हणून तिथं तोफ ठेवू नये. मी एकेक वाक्य जुळवून, मध्ये मध्ये अक्षर लागत नसल्यासारखं थांबत, हिंदीत वाचत गेले. पाच वर्षं दोघांचे बेत वाचले होते, बेत कसा असतो हे मला येत होतं.

वाचून झाल्यावर ठाकूरसाहेबांनी हात पुढे केला. यापूर्वी त्यांनी बाबांचा कागद कधी मागितला नव्हता. मी दिला. त्यांना मोडी येत नव्हती, पण रेघा मोजता येत होत्या. एका रेघेवर अक्षरं होती आणि सात रेघा रिकाम्या. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग बाबांकडे, मग त्या चिकेकडे. चिकेमागे ठकुराणीसा होत्याच.

"मेजरसाहेब," ते म्हणाले, आणि आवाज मुद्दाम चढवला, आत ऐकू जाईल एवढा, "तुमच्या भाषेत थोडक्यात फार मावतं." कागद त्यांनी चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "बेत चांगला होता. माझा मुलगा तुमच्या बेताला पुरून उरला."

"हो," बाबा म्हणाले. "पुरून उरला."

बाबा माझ्या पुढे चालत मागच्या अंगणापर्यंत आले. तिथं थांबून म्हणाले, "पंचानं कागदावर असेल तेच वाचायचं."

"मग तसा कागद पंचाच्या हातात द्यायचा नाही," मी म्हणाले. बाबांना मी तोपर्यंत उलट बोलले नव्हते.

ते रागावले नाहीत. पायरीवर बसले. कोटही काढला नव्हता.

"त्याला मी शाब्बास म्हणालो होतो गं पोरी," ते म्हणाले. "दोन कवड्या पडल्या होत्या. तेव्हाच सांगायचं होतं, पोरा, तू मेलास, परत मांड. मी हरलो याचंच मला कौतुक वाटत होतं."

मी सांगणार होते की कवड्या माझ्या हातून पडल्या होत्या आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण ते रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं, आणि काय करतात तेही मला माहीत नव्हतं. आई आतून आली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. मी आत जाऊन कणीक मळली.

पुढच्या रविवारी बाबा सवयीनं पुढे गेले तर टेबल नव्हतं. वाळू कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतली होती आणि व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. दोघं तिथं बसून चहा पीत. गव्हाबद्दल बोलत, गुडघ्यांबद्दल बोलत. बाबा उजव्या कानानं ऐकू यावं म्हणून खुर्ची तिरकी ठेवत. आम्ही जयपूर सोडेपर्यंत बाबांनी एकही रविवार चुकवला नाही.

सदुसष्ट साली बाबा निवृत्त झाले आणि साताऱ्याला परत जायचं ठरलं. निघायच्या आदल्या सकाळी मी एकटीच पुढे निरोप घ्यायला गेले. आत जाऊन ठकुराणीसांच्या पाया पडले. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. बाहेर ठाकूरसाहेब पायऱ्यांवर उभे होते.

"बाईसा," ते म्हणाले, "त्या कागदावर काय लिहिलं होतं?"

मला खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी सांगितलं.

ते रस्त्याकडे बघत राहिले. एक टांगा गेला. "असा सेनापती कुठल्याही फौजेला परवडणार नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "उसात त्या दिवशी जो बसला होता, त्यालाही घरी कुणी असेल."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"आणि तू जे वाचलंस ते?"

"मी बनवलं."

"वाईट नव्हतं. राखीव तुकडी उसाच्या मागे नको होती, तिथून तिला काही दिसलं नसतं. पण बाकी वाईट नव्हतं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आत त्यांना अजून वाटतं की एका बेतात तो वाचत होता. राहू दे तसंच. आणि तू त्याची बहीण होतीस. तेव्हा हे कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो."

मी घरी येऊन सामानाच्या पेट्यांवर बसून रडले. दोन वर्षांचं राहिलेलं सगळं रडले. आई आत आली, माझ्याकडे बघून परत गेली आणि दाराची कडी बाहेरून हलकेच लावून घेतली, कुणी येऊ नये म्हणून.

साताऱ्यात दोन वर्षांनी हिंदीत एक पत्र आलं, त्यांच्या पुतण्याचं. ठाकूरसाहेब झोपेतच गेले होते. बाबांनी पत्र उभ्यानंच वाचलं, आईच्या हातात दिलं आणि हातपाय धुऊन जेवायला बसले. दोन घास खाल्ल्यावर म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि आईच्या स्वयंपाकाला त्यांनी कधी नाव ठेवलं नव्हतं. आमटीत मीठ बरोबर होतं, मी तीच खात होते. आईनं मिठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चिमूटभर घेतलं, टाकलं, आणि ताट तसंच ठेवून उठले.